जांभ्यावरचा तेरडा: प्रकल्प नोंदी

2 जुलै 2023, कास परिसर

पाऊस अखेर धरला. यंदा मुंबईतच तो 25 जूनला पोचला, त्यामुळे पठारावर सगळंच मागे पडलंय. गेल्या खेपेला नुसता काळा जांभा आणि वाळकं गवत होतं. आज खळग्याखळग्यांत दोन-दोन पानांची रोपं वर आलीत. हाच आमचा तेरडा, इम्पेशन्स लॉई. सप्टेंबरात पठार गुलाबी करतो तो. सह्याद्रीबाहेर तो कुठेही नाही.

प्रश्न कागदावर साधा दिसतो. जिथे तेरड्याची संख्या मोठी तिथे त्याची जनुकीय विविधता जास्त आहे का, आणि त्याचा रोपांच्या वाढीशी काही संबंध लागतो का? त्यासाठी तीन जागा धरल्यात. एक कासच्या बाजूचं सलग पठार, सुमारे 1200 मीटर उंचीवर. दुसरं चाळकेवाडीचं, पवनचक्क्यांचं. तिथे रस्त्यांनी जांभ्याचे भाग पडलेत. तिसरी जागा यवतेश्वरच्या वरच्या अंगाला, जेमतेम अंगणाएवढी. वहीत तिचं नाव नुसतं ‘तुकडा’. नेमकी जागा मुद्दामच लिहीत नाही, फोटो काढायला गर्दी झाली तर आठवड्यात तुडवून जाईल.

वन विभागाची आणि जैवविविधता मंडळाची परवानगी हातात आहे. अटी कडक आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात: पान एका झाडाचं एकच, बी मोजून, कंद-मुळं काहीही नाही.

19 जुलै 2023, कास आणि चाळकेवाडी

कालपासून अधिक श्रावण लागला. पठारावर धुकं इतकं की चार पावलांवरची चौकट दिसत नव्हती.

मीटरभर बाजूच्या चौकटी टाकून आतलं प्रत्येक रोप मोजतोय. रोपं दाट आहेत, पण एकाच चौकटीत फरक किती! जांभ्याच्या भेगेत, जिथे बोटभर माती साठलीय, तिथली रोपं वीतभर होऊन फांद्या फोडायला लागलीत. हातभर अंतरावर, नुसत्या कातळावर मातीचा पापुद्रा आहे तिथली नखाएवढी राहिलीत. दोन्हीकडे बी बहुधा एकाच झाडाचं पडलं असेल.

बरोबरच्या मैत्रिणीने लगेच विचारलं, मग चाळकेवाडीची रोपं खुजी दिसतात ती मातीमुळे की जनुकांमुळे? पठारावर उभं राहून याचं उत्तर मिळत नाही. तीनही जागांचं बी एकाच वाफ्यात, एकाच मातीत वाढवावं लागेल. तिथेही फरक टिकला तर तो बियातून आलेला. तोवर उंचीचे आकडे लिहून ठेवायचे, त्यातून निष्कर्ष काढायचा नाही.

27 ऑगस्ट 2023, तुकडा

बघवत नाही. महिनाभर पाऊस जवळजवळ नाहीच. पातळ मातीतला तेरडा माना टाकून पडलाय, देठ काचेसारखे झालेत. तेरड्याच्या खोडात सगळं पाणीच. ते आटलं की झाडाला उभं धरणारं काही उरत नाही. कासच्या सलग पठारावर निदान खोल खळगे आहेत, ओल धरून ठेवतात. तुकड्यावर खळगे थोडे आणि उथळ. भेगांमधली मोजकी झाडं तेवढी हिरवी आहेत.

संध्याकाळी घरी येऊन वहीत गणित मांडलं. तेरडा वर्षायू आहे. दरवर्षी सगळी पिढी मरते आणि नवी बियातून येते, म्हणजे प्रत्येक वर्ष एक पिढी. समजा तीन वर्षं हजार-हजार झाडांनी बी धरलं आणि एका वर्षी दहानेच. साधी सरासरी साडेसातशेच्या वर जाते. पण पिढ्यांचा जनुकीय हिशेब साध्या सरासरीने होत नाही, हरात्मक माध्याने होतो (त्यात लहान आकडा सरासरीला खाली ओढतो), आणि ते येतं सुमारे 39. हीच ‘प्रभावी संख्या’. एका वाईट वर्षाने चार वर्षांची कमाई 39 झाडांवर आणून ठेवली.

विविधता घटण्याचा वेगही या प्रभावी संख्येवरच ठरतो: दर पिढीला एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट. हजार झाडांच्या समूहात पिढीमागे 0.05 टक्के जाते, कळतही नाही. दहाच झाडं उरली तर एका पिढीत 5 टक्के. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला की तुकडा पुन्हा गुलाबी दिसेल, झाडांची संख्या भरून येईल. गेलेली विविधता मात्र त्या बियांत नसेल.

(महिना संपल्यावरची भर: हा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यांत कोरडा ठरला.)

12 सप्टेंबर 2023, कास परिसर

पाऊस परतला आणि मोठ्या पठारावर तेरडा उभा राहिला. सोनकी अजून कळ्यांत आहे, गेंद मात्र फुललेत.

आज सकाळपासून एकाच झाडासमोर बसून होते. भिंगाखाली तेरड्याचं फूल पाहण्यासारखं असतं. आत वरच्या बाजूला परागकोश एकमेकांना चिकटून पांढरट टोपी करतात आणि ती टोपी कुक्षी, म्हणजे पराग घेणारं मादी टोक, पूर्ण झाकून टाकते. या अवस्थेत फूल फक्त नर. मधमाशी आत शिरली की टोपी तिच्या पाठीला घासते, पराग लागतात. मग टोपी देठाशी सुटते आणि गळून पडते. खाली हिरवी कुक्षी उघडी होते. आता तेच फूल मादी. म्हणजे एका फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडण्याची सोय निसर्गाने बंद केलीय.

पण झाडावर फूल एकटं नसतं. समोरच्या झाडावर वरची फुलं नर अवस्थेत होती, खालची दोन मादी. सातेरी माशी आली, वरून खाली त्याच झाडावर फिरली आणि मग उडाली. असं झालं की झाडाचे पराग त्याच झाडाला, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने स्वपरागणच. दाट पठारावर माशीला पुढचं झाड लगेच मिळतं, त्यामुळे ती चटकन हलते. तुकड्यावर झाडं विरळ. तिथे ती एकाच झाडावर जास्त वेळ काढत असेल असं मला वाटतं. पुढच्या खेपेला घड्याळ लावून बघायचं.

22 सप्टेंबर 2023, तुकडा आणि खालची वस्ती

आज गौरीपूजन. वस्तीवर घरोघरी तेरड्याच्या गौरी बसल्यात, मुळासकट आणलेल्या. तो ओढ्याकाठचा मोठा तेरडा, इम्पेशन्स बाल्समिना; आमच्या तेरड्याचा भाऊबंद, पण जात वेगळी. काकूंनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

तुकड्यावर सकाळी माश्यांना घड्याळ लावलं. एका झाडावर त्या खरंच जास्त रेंगाळतात, आणि मुळात येतातच कमी. काही झाडांवर तासभर कोणी फिरकलं नाही.

मग वस्तीतले मामा वर आले. त्यांचं आयुष्य या माळावर गुरं राखण्यात गेलंय. त्यांना म्हटलं, मामा, पलीकडच्या पठारावर एवढा तेरडा आणि इथे एवढासा, असं का?

“पूर्वी ह्यो सगळा एकच व्हता की. आमची गुरं हितनं तिकडं, तिकडनं हिकडं जायाची. दिसभर. आता गुरं ऱ्हायलीत कुणाकडं? पोरं पुण्याला गेली.”

मी विचारलं, गुरं तेरडा खातात का?

“खात्यात कवातरी. पर खुरात चिखूल भरतोय न्हवं पोरी, त्यात काय बी काय न्हाय, समदं असतंय. घरच्या उकिरड्यावर माळावरचं गवात उगवतंय ते कुठनं आलं?”

हे आमच्या प्रस्तावात कुठेच नव्हतं. तेरड्याची बोंडं फुटून बी हात-दोन हातावर उडतं, फार तर पावसाचं पाणी त्याला उताराने खाली नेतं. उतारावरून वर, एका पठारावरून दुसऱ्यावर बी कसं जाणार, हा प्रश्न आम्ही माशीवर सोडून दिला होता. पण माशी फक्त पराग नेते, आणि तिची धाव ठरलेली. खुरांतला चिखल बी नेऊ शकतो.

जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी 1931 मध्ये मांडलेलं गणित आठवलं. दर पिढीला सरासरी एक जरी बाहेरचं झाड समूहात मिसळलं, तरी तुटक समूह जनुकीयदृष्ट्या फार दूर जात नाहीत. समूह हजाराचा असो की लाखाचा, एकच पुरेसं. वर्षाला खुरातून आलेलं एक बी! एवढ्याशा गोष्टीवर दोन पठारं एकमेकांची नातेवाईक राहत असतील, आणि ती गोष्ट कुठल्याच नकाशावर नाही.

आमच्या प्रकल्पाच्या सरांना रात्री फोन केला. ते म्हणाले, चिखल गोळा कर.

14 ऑक्टोबर 2023, तीनही जागा

बी गोळा करायचे दिवस. पिकलेल्या बोंडाला नुसता नखाचा धक्का लागला की पाकळ्या वळून आत गुंडाळतात आणि बी कुठल्या कुठे. म्हणून मलमलीच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्या होत्या. बोंड फुगलं की त्याला बांधून ठेवायची. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या कागदी पाकिटात, आईचा क्रमांक पाकिटावर. सगळं बी एकत्र केलं तर पुढे कोणतं रोप कोणाचं ते कळत नाही आणि अर्धा अभ्यास वाया जातो.

तुकड्यावर बोंडं होती, पण दाबून बघितलं तर कित्येकांत बी एखाद-दुसरंच.

मामांच्या म्हशीच्या आणि दोन गाईंच्या खुरांतला चिखल खरवडून घेतला. म्हैस शांत उभी राहिली. गाईंनी राहू दिलं नाही, मामांनाच धरावं लागलं.

9 डिसेंबर 2023, कोल्हापूर, प्रयोगशाळा

वाळवलेली पानं सिलिका जेलमध्ये चांगली टिकलीत, हिरवी आहेत अजून. पण तेरड्याचं डीएनए काढणं म्हणजे चिकटपणाशी झगडा. खलात पानाची पूड केली, 65 अंशांच्या सीटॅब द्रावणात (पेशी फोडून डीएनए मोकळं करणाऱ्या) टाकली, आणि थोड्या वेळाने नळीत शेंबडासारखा गोळा. पहिल्या खेपेचं द्रावण तपकिरी पडलं. पानातली फिनॉल द्रव्यं हवेने काळवंडतात आणि डीएनएला धरून बसतात, पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, चालू देत नाहीत. द्रावणात फिनॉलला बांधून घेणारं पीव्हीपी वाढवलं, क्लोरोफॉर्मची धुलाई दोनदा केली, मग रंग उतरला. शेवटी थंड आयसोप्रोपॅनॉल नळीच्या कडेने सोडलं आणि दोन थरांच्या सांध्यावर पांढरे धागे धरले. कितीही वेळा बघितलं तरी त्या क्षणी हात थांबतो.

इथून पुढे आयएसएसआर: पीसीआरने डीएनएच्या ठरावीक भागांच्या प्रती काढायच्या आणि जेलवर त्यांचे पट्टे, म्हणजे बँड, झाडागणिक ताडून बघायचे. प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे धागे) तयार मिळतात, या जातीचा जनुकक्रम आधी माहीत असावा लागत नाही, आणि आमच्या पैशांत बसतं. मर्यादाही आहे. बँड दिसला तर झाडात डीएनएचा तो भाग आहे एवढंच कळतं; आई-बाप दोघांकडून आला की एकाकडून, ते कळत नाही. त्यामुळे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, थेट मोजता येणार नाही. समूहांमध्ये फरक किती, हे मात्र सांगता येईल.

18 फेब्रुवारी 2024, कोल्हापूर

जेल लागले. अस्पष्ट बँड सोडून दिले, दोनदा चालवून दोन्ही वेळा तसेच आले तेवढेच धरले.

कासच्या पठारावरच्या झाडांत बँडची मांडणी झाडागणिक बदलते. तुकड्यावरच्या झाडांची ओळ डावीकडून उजवीकडे बघत गेलं तर बराच वेळ एकच झाड पुन्हा पुन्हा बघतोय असं वाटतं. चाळकेवाडी मधे कुठेतरी, आणि तिथे रस्त्याच्या अलीकडची आणि पलीकडची झाडं थोडी वेगळी पडतायत. हे मला अपेक्षित नव्हतं. रस्ता तसा नवा, आणि वर्षायू झाडाच्या पिढ्या त्यानंतर फार झालेल्या नाहीत. कदाचित जांभ्याची ठेवणच मुळात तिथे दुभंगलेली असेल आणि रस्ता सोयीने त्याच रेषेतून गेला असेल. जुने नकाशे बघितल्याशिवाय रस्त्यावर खापर फोडायचं नाही.

सर समाधानी आहेत. मी तितकीशी नाही. विविधता कमी दिसली, ठीक. पण झाडाचं त्यात काय बिघडलं, हे अजून कुठे दिसलंय?

19 मे 2024, तीनही जागा

वळवाचा एक शिंतोडा होऊन गेलाय. पाऊस लागायच्या आत वरच्या थराची थोडी-थोडी माती उचलली. मागच्या वर्षी न उगवलेलं बी त्यात जिवंत असेल तर ट्रेमध्ये पाणी घातल्यावर उगवेल. जमिनीत असा साठा असेल तर 2023 च्या ऑगस्टचा घाव माझ्या गणिताएवढा खोल नसेल, कारण जुन्या वर्षांचं बी पुढच्या पिढीत मिसळेल. मनापासून वाटतं, साठा असावा.

पाकिटांतलं बी वजन केलं. तुकड्याचं बी हलकं आहे. हे लक्षात ठेवायला हवं, पुढे आडवं येणार.

16 जून 2024, सातारा, महाविद्यालयाचं आवार

यंदा पाऊस वेळेवर. पेरणी केली.

डार्विनने स्वपरागणाचं आणि परपरागणाचं बी एकाच कुंडीच्या दोन बाजूंना लावून वाढवलं होतं. 1876 मध्ये ते निकाल प्रसिद्ध झाले. कल्पना आजही तितकीच चोख. आम्ही ट्रेमध्ये तीनही जागांचं बी शेजारी-शेजारी लावलं, आणि ट्रेगणिक जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. माती सगळीकडे एकच, जांभ्याची चाळलेली. माळीकाकांनी वर हिरवी जाळी ताणून दिली. सातारा शहर कासपेक्षा साडेचारशे मीटर तरी खाली, ऊन इथे जास्त लागतं.

चिखलाच्या आणि मातीच्या कुंड्या वेगळ्या, जाळीच्या दुसऱ्या टोकाला.

28 जुलै 2024, सातारा

कोयनेतून विसर्ग सुरू, खाली सांगलीकडे नदीकाठची माणसं जीव मुठीत धरून आहेत. इथे आवारात गोगलगायींचा सुळसुळाट. रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. माळीकाका मीठ टाकू म्हणत होते. रोपांच्या मातीत मीठ नको म्हणून हातानेच वेचल्या.

वाढ दिसू लागलीय. कासची रोपं जोमात, चाळकेवाडीची त्यांच्या बरोबरीने. म्हणजे पठारावर जी खुजी दिसत होती ती बहुतेक मातीमुळेच. तुकड्याची रोपं मागे आहेत: उगवण कमी, उगवलेली बारीक, आणि दोन-तीन पूर्ण पांढुरकी, हरितद्रव्य नसलेली. ती पानं पसरायच्या आत मेली. असे दोष बऱ्याचदा दबून राहणाऱ्या जनुकांत असतात. आई आणि बाप दोघांकडून तेच जनुक आलं तरच बाहेर पडतात. जवळच्या नात्यात परागण होत राहिलं की नेमकी हीच गाठ पडते. फेब्रुवारीत जेलवर न दिसलेलं उत्तर इथे ट्रेमध्ये दिसतंय.

तरीही खात्रीने लिहीत नाही. बी हलकं होतं. कोरड्या ऑगस्टमध्ये उपाशी आईने बियात शिदोरी कमी भरली असेल तरी सुरुवातीची वाढ अशीच रखडते. आईची परिस्थिती आणि रोपाची जनुकं या दोन गोष्टी पहिल्या पिढीत वेगळ्या करता येत नाहीत. आवारात, सारख्या खाण्यापिण्यावर वाढलेल्या आयांचं बी पुन्हा पेरायला हवं.

चिखलाच्या कुंड्यांत गवतं भरपूर, थोडे गेंद, आणि म्हशीच्या खुराच्या कुंडीत तेरड्याचं एक रोप. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “मग, मी काय म्हनलो व्हतो!”

मातीच्या कुंड्यांत कासच्या मातीतून तेरडा उगवला. तुकड्याच्या मातीतून अगदी थोडा.

31 ऑगस्ट 2024, सातारा

फुलं आली. आता हाताने परागण. जाळीत माश्या येऊ नयेत म्हणून आत आणखी एक मच्छरदाणी लावलीय.

टोपी गळून कुक्षी उघडी झालेलं फूल निवडायचं, दुसऱ्या झाडावरची टोपी चिमट्याने अलगद उचलून तिच्यावर टेकवायची, देठाला रंगीत दोरा. तुकड्याच्या झाडांवर तीन प्रकार केले: स्वतःचेच पराग, तुकड्यातल्याच दुसऱ्या झाडाचे पराग, आणि कासच्या झाडाचे पराग. पांढरा, पिवळा, लाल दोरा. शेवटच्या प्रकारात रोपांनी उचल खाल्ली तर तुकड्याची रखड अंतःप्रजननाची, हे बऱ्यापैकी पक्कं होईल.

भेटायला आलेल्या एका ओळखीच्यांनी उत्साहाने सुचवलं की मग कासचं बी सरळ तुकड्यावर नेऊन टाकू या. मी नाही म्हटलं, आणि हे इथेही लिहून ठेवते. तुकडा जास्त उथळ मातीचा, जास्त कोरडा. तिथल्या झाडांनी त्या जागेशी जमवून घेतलेलं काही असेल तर बाहेरच्या बियाने ते एका-दोन पिढ्यांत पातळ होऊ शकतं. शिवाय परवानगी अभ्यासाची आहे, लागवडीची नाही. आधी संकराची दुसरी पिढीसुद्धा नीट वाढते का ते कुंडीत बघायचं. त्यापेक्षा मामांच्या गुरांचा जुना रस्ता चालू राहिला तर तो मला जास्त भरवशाचा वाटतो. वन समितीच्या बैठकीत हे मांडायला सरांनी वेळ मागितलीय.

13 ऑक्टोबर 2024, सातारा

बोंडं उतरवली. पांढऱ्या दोऱ्यांची बोंडं लहान, बी थोडं. पिवळ्या आणि लाल दोऱ्यांत डोळ्याने फरक कळत नाही, वजन करावं लागेल.

पाकिटं लावून झाली. आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, दोऱ्याचा रंग. पुढच्या जूनला पेरायचं बी वेगळ्या डब्यात, आणि प्रत्येक जागेचं थोडं राखीव, एखादा ट्रे गोगलगायींनी खाल्लाच तर. समितीची बैठक दिवाळीनंतर ठरलीय. मामा येतो म्हणालेत. गुरं कोणत्या वाटेने कुठवर जायची ते तेच सांगतील, आणि मी ती वाट नकाशावर काढून घेणार आहे.